दाखल्याला मुदत आहे, शस्त्रक्रियेला नाहीं

महाराष्ट्रांत २०१५ सालीं लोकसेवा हक्क अधिनियम झाला. या कायद्यान्वयें ज्या सेवा सरकारनें अधिसूचित केल्या, त्या प्रत्येकीला दिवसांची मुदत घालून दिलेली आहे. त्या मुदतींत काम न झाल्यास नागरिकाला वरिष्ठाकडे अपील करतां येतें, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पांचशें ते पांच हजार रुपये दंडहि होऊं शकतो. जन्माचा दाखला, रहिवासाचा दाखला असले कागद या यादींत येतात, आणि ते यावेत हें योग्यच आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा मध्यवर्ती कायदा २०१६ सालचा. त्याखालील नियमांनीं अपंगत्वाचें प्रमाणपत्र किती अवधींत दिलें पाहिजे तेंहि ठरवून टाकलें आहे. म्हणजे ज्याच्या खुब्याचा सांधा निकामी झाला आहे त्या मनुष्याच्या हातीं, ‘तूं अपंग आहेस’ असें सांगणारा कागद अमुक काळांत पडलाच पाहिजे, एवढी काळजी राज्यानें घेतली आहे. तो सांधा निकामी होऊं नये म्हणून, किंवा झालेला बदलून द्यावा म्हणून जी शस्त्रक्रिया करावयाची, तिला मात्र कसलीहि मुदत नाहीं. तिला असते ती ‘तारीख’. आणि तारखेचा स्वभाव पुढें जाण्याचा.

हा भेद सहज राहून गेलेला नाहीं. ज्या गोष्टीची मोजदाद होते तिलाच मुदत घालतां येते, आणि सरकारी इस्पितळांत हाडाच्या शस्त्रक्रियेसाठीं कोण किती दिवस थांबला याची मोजदाद लोकांपुढें कधीं मांडलीच जात नाहीं. खाटा मोजल्या जातात, बाह्यरुग्ण विभागांत आलेलीं माणसें मोजलीं जातात, झालेल्या शस्त्रक्रिया तर मोठ्या अभिमानानें मोजल्या जातात. न झालेल्या शस्त्रक्रियांना कोणी वाली नाहीं. पैसा, डॉक्टर, जागा यांची उणीव खरी आहे, आणि तिचा विचार पुढें येईलच. परंतु जी रांग कागदावर नाहीं ती कमी करण्याची जबाबदारीहि कोणावर येत नाहीं, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. आमचा सारा वाद या एका गोष्टीशीं आहे.

नागपुरांत तीन मोठीं सरकारी इस्पितळें आहेत. १९४७ सालीं स्थापन झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सर्व विदर्भ नुसतें ‘मेडिकल’ म्हणून ओळखतो, इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय, जें नांव बदलून इतकीं वर्षें लोटलीं तरी लोकांच्या तोंडीं ‘मेयो’च राहिलें, आणि मिहानमधील ‘एम्स’. यांच्या दारांत केवळ नागपूरकर नसतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, यवतमाळ येथील रोगी येतात. प्रांताच्या सीमेपलीकडून छिंदवाडा, शिवनी, बालाघाट येथीलहि येतात. चंद्रपुरास २०१५ सालीं आणि गोंदियास २०१६ सालीं वैद्यकीय महाविद्यालयें निघालीं, तरी प्रकरण गुंतागुंतीचें दिसलें कीं चिठ्ठी नागपूरचीच लिहिली जाते. तेव्हां ‘पुढच्या महिन्यांत या’ हें वाक्य ज्याला ऐकावें लागतें तो मनुष्य धंतोलींत राहत नसून अहेरीस किंवा देवरीस राहतो. त्याच्या एका फेरीला दोन दिवसांची मजुरी जाते, शिवाय सोबत्याचें भाडें. तीन फेऱ्या झाल्या कीं पुष्कळजण चौथी करीत नाहींत. आणि जो आला नाहीं तो रांगेतून आपोआप गळतो, म्हणजे रांग तेवढी आखूड झाल्यासारखी दिसते! गांवचा हाडवैद्य जवळ असतो. तो तारीख देत नाहीं, लगेच बांबूच्या कामट्या बांधतो. त्या फार घट्ट बांधल्या गेल्या म्हणजे बोटें काळीं पडण्यापर्यंत मजल कशी जाते, हें कोणत्याहि अस्थिविभागांतील निवासी डॉक्टराला विचारावें. हाडवैद्याला दोष देणें सोपें आहे. परंतु त्याच्याकडे गिऱ्हाइकें धाडते ती ही रांगच.

विदर्भांत या प्रतीक्षेचें एक विशेष क्रूर रूप पाहावयास मिळतें. ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय पत्रांत १९५८ सालीं शुक्ल आणि सोळंकी यांनीं मध्य हिंदुस्थानांतील सिकलसेल विकाराविषयीं लिहिलें. तेव्हां हा विकार आपल्या भागांत आहे हें वैद्यकाला निदान तेव्हांपासून तरी ठाऊक आहे. आदिवासी, अनुसूचित जाति आणि इतर मागास समाज यांत तो पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. आईबाप दोघेहि वाहक असले तर प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव चारांत एक असतो. रक्तांतील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात, आणि ज्या हाडाला रक्त पोंचत नाहीं तें हाड मरतें. मांडीच्या हाडाचा वरचा गोल, ज्याच्यावर उभ्या माणसाचा भार तोलला जातो, तो या रोगांत फार वेळां बळी पडतो. इतरांचा खुबा झिजला तर बहुधा उतारवयांत झिजतो. या रोग्यांपैकीं कित्येकांचा ऐन विशी-पंचविशींत ढांसळतो.

आतां येथें काळाचा हिशेब कसा आहे तो पाहावा. हाड मेलें म्हणून गोल त्याच दिवशीं चपटा होत नाहीं. आरंभीच्या अवस्थेंत निदान झालें, तर हाडांत छिद्र पाडून आंतील दाब कमी करण्याची तुलनेनें लहान शस्त्रक्रिया कांहीं रोग्यांना उपयोगी पडते. गोल एकदां ढांसळला कीं ती वेळ गेली. मग सबंध सांधा बदलण्यावांचून बहुधा गत्यंतर उरत नाहीं. शिवाय कृत्रिम सांध्यालाहि आयुष्य असतें. पंचविशींत बसविलेला सांधा त्या मनुष्याच्या हयातींत पुन्हां एकदां तरी बदलावा लागण्याचा संभव मोठा, आणि दुसऱ्या वेळची शस्त्रक्रिया पहिलीपेक्षां अवघड. म्हणजे थांबल्यानें तोच उपचार उशिरां मिळतो असें नव्हे. थांबल्यानें उपचारच बदलतो, महाग होतो, आणि शेवटीं तोहि पुरा पडत नाहीं. १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेस आरंभ झाला. तिचें ध्येय २०४७ सालचें आहे. तपासण्या होत आहेत, रंगीत कार्डें वाटलीं जात आहेत, चांगलें आहे. पण ज्या तरुणाच्या खुब्यांतील हाड या महिन्यांत खचत आहे त्याला २०४७ चें काय?

तुटलेल्या हाडांची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि ती लक्षांत घेतल्याशिवाय पहिल्या गोष्टीचा उलगडा होत नाहीं. ११ डिसेंबर २०२२ या एकाच दिवशीं नागपुरांत दोन उद्‌घाटनें झालीं: समृद्धि महामार्गाच्या नागपूर ते शिर्डी या ५२० किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याचें, आणि एम्सचें. ज्यानें कोणी हा मुहूर्त साधला त्याला त्यांतील औचित्य जाणवलें असेल असें वाटत नाहीं. देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे दोन मोठे राजमार्ग या शहराशीं एकमेकांना छेदतात. त्यांत या वेगवान रस्त्याची भर पडली. अपघातांतील मनुष्य रात्रीं-अपरात्रीं येतो. त्याला थांबवितां येत नाहीं आणि थांबवूंहि नये. बंगालमध्यें आगगाडींतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला खाट नाहीं म्हणून एकामागून एक सरकारी इस्पितळांनीं परत लावलें होतें. त्या प्रकरणांत, ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिति’च्या खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं स्पष्ट सांगितलें कीं सरकारी रुग्णालयानें वेळेवर उपचार न देणें हा घटनेच्या २१ व्या कलमानें दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग होय. हा न्याय शिरसावंद्य आहे. परंतु अपघाताचा रोगी आला कीं त्याच खाटेवर, त्याच टेबलावर, त्याच भूलतज्ज्ञाच्या हातीं उद्यां ज्याचा सांधा बदलावयाचा होता तो मागें सरतो. त्याचा रोग प्राणघातक नाहीं, तो आज मरणार नाहीं. म्हणून तो रोजच मागें सरतो.

यावरचा उपाय गुप्त ठेवलेला नाहीं. इंग्लंडांत एप्सम येथें २००४ सालीं नुसत्या नियोजित सांधेशस्त्रक्रियांसाठीं स्वतंत्र केंद्र निघालें. तेथें अपघाताचा रोगी येतच नाहीं, त्यामुळें तेथली पाळी तो मोडूं शकत नाहीं. मेडिकलच्या आवारांत अपघातग्रस्तांसाठीं ट्रॉमा केंद्र आहे, म्हणजे या कामाचा अर्धा भाग झालेला आहे. उरलेला अर्धा म्हणजे नागपुरांतील तिन्ही इस्पितळांमिळून निदान एक शस्त्रक्रियागृह आणि त्याला पुरतील एवढ्या खाटा अशा ठेवावयाच्या, कीं कितीहि मोठा अपघात झाला तरी त्या कोणी घेऊं नयेत. ही मागणी ऐकावयास कठोर वाटते. पण आज जें चाललें आहे त्यांतहि कोणी तरी बळी जातोच. फरक एवढाच कीं तो ओरडत नाहीं.

खाटांविषयीं आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे, कारण ‘खाटाच नाहींत’ या वाक्यानें हा वाद नेहमीं मिटविण्यांत येतो. सरकारी इस्पितळांत हाडाच्या रोग्याचा प्रवास कसा होतो? केसपेपर, एक्स-रे, पथकप्रमुखांची तपासणी, मग रक्ताच्या तपासण्या, त्यांत साखर वाढलेली निघाली कीं औषधवैद्यकाच्या विभागाकडे रवानगी, तेथून परत आल्यावर भूलतज्ज्ञाची संमति, रक्तपेढींत सोय, महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची पूर्वमंजुरी, आणि त्यासाठीं शिधापत्रिकेवरील नांव व आधारपत्रावरील नांव यांचा मेळ, मंजुरी आली कीं मग सांध्याची किंवा पट्टी-स्क्रूची मागणी, आणि हें सर्व जुळल्यावर टेबलाची पाळी. यांतील एकहि पायरी अनावश्यक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या सर्व एकीनंतर एक अशाच कां चढावयाच्या? रोग्याची साखर आटोक्यांत आणण्याचें काम चालू असतां त्याच आठवड्यांत योजनेचे कागद होऊं शकत नाहींत काय? समजा, एका रोग्याला शस्त्रक्रियेनंतर पांच दिवस खाट लागते. त्याआधीं तो त्याच खाटेवर पंधरा दिवस कागद जुळण्याची वाट पाहत पडून राहिला, तर एका शस्त्रक्रियेपायीं खाटेचे वीस दिवस खर्चीं पडले. ते पंधरा दिवस तिनावर आणले तर खर्च आठ दिवसांचा होतो, आणि त्याच खाटांत अडीचपट रोगी मावतात. एकहि नवी खाट नको, वीटहि नको. प्रतीक्षा ही टंचाईचा परिणाम आहे असें आपण मानतों; पुष्कळ अंशीं ती टंचाईचें कारण आहे.

कृत्रिम सांधे आणि पट्ट्या मंजुरीनंतर मागविण्याऐवजीं नेहमींच्या मापांचा सांठा आधींच इस्पितळांत असावा, हें तर दुकानदारालाहि कळतें. राज्यानें २०२३ सालीं कायदा करून वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठीं स्वतंत्र प्राधिकरण निर्माण केलें, तेव्हां या कामाला मालकहि आहे. किमतीचें निमित्त पूर्वींइतकें उरलेलें नाहीं: ऑगस्ट २०१७ मध्यें मध्यवर्ती प्राधिकरणानें गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हां ज्या प्रकाराला सरासरी दीड लाखांवर रुपये पडत होते तो सुमारें पंचावन्न हजारांवर आला. सरकारनें मनावर घेतलें कीं एका अधिसूचनेनें काय होतें याचें हें उदाहरण.

मनुष्यबळाची उणीव मात्र अशा युक्त्यांनीं भरून निघत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. राज्याच्या आरोग्यव्यवस्थेंत डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांचीं पदें मोठ्या संख्येनें रिकामीं असल्याचें महालेखापालांच्या २०२४ सालच्या अहवालानें दाखविलें आहे. शस्त्रक्रियागृह दुपारनंतर चालवावयाचें तर दुसरा भूलतज्ज्ञ आणि दुसरी परिचारिका लागतेच. निवासी डॉक्टरांना आणखी पिळून तें होणार नाहीं, आणि होऊंहि नये. पण रिकाम्या पदाची किंमत काय, हें तरी आज कोणाला सांगतां येतें काय? ‘भूलतज्ज्ञाचें एक पद सहा महिने न भरल्यामुळें इतक्या लोकांचे खुबे इतके दिवस लांबले’ असें वाक्य विधिमंडळांत उच्चारतां आलें तर तें पद भरलें जाण्याचा कांहीं संभव आहे. तें उच्चारतां येत नाहीं, कारण आंकडा नाहीं.

कोणी म्हणतील कीं योजनेखालीं खाजगी रुग्णालयें खुलीं आहेत, तिकडे जावें. सोपें हाड, निरोगी देह असेल तर जातांहि येतें. पण योजना प्रत्येक शस्त्रक्रियेला ठरीव रक्कम देते. सिकलसेलच्या रोग्याला शस्त्रक्रियेआधीं रक्त द्यावें लागतें, त्याला ऊब आणि पाणी कमी पडूं देतां येत नाहीं, जंतुसंसर्गाची भीति अधिक, मुक्काम लांबण्याची शक्यता अधिक. ठरीव रकमेंत असा रोगी परवडणार कोणाला? धंदा करणारा सोपे रोगी निवडील, आणि अवघड रोगी पुन्हां मेडिकलच्याच रांगेंत येऊन उभा राहील. यांत कोणाची दुष्टता शोधण्याचें कारण नाहीं. दरपत्रकच तसें आहे. दुसरा एक आक्षेप उघडपणें कोणी लिहीत नाहीं, दिवाणखान्यांत मात्र बोलला जातो: फुकट मिळतें त्याला थोडें थांबावें लागणारच. भोर समितीनें १९४६ सालीं असें तत्त्व घातलें कीं पैसे देण्याची ऐपत नाहीं म्हणून कोणीहि योग्य उपचारांपासून वंचित राहूं नये. तें तत्त्व आपण कधीं नाकारलें नाहीं. फक्त त्यांत ‘योग्य वेळीं’ हे दोन शब्द गृहीत आहेत, हें विसरलों.

आंकडे प्रसिद्ध केले कीं ते खोटे केले जातात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. इंग्लंडांत तसें झालें: तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानें २००१ सालीं नऊ रुग्णालय-संस्थांनीं प्रतीक्षायाद्यांत गैरवाजवी फेरफार केल्याचें उघडकीस आणलें. पण तें उघडकीस आलें, कारण यादी होती. त्याच देशांत रोग्याला विशेषज्ञाकडे धाडल्यापासून अठरा आठवड्यांत उपचार सुरू व्हावा असा दंडक आहे. २०१६ पासून तो पाळला गेलेला नाहीं. आणि हें आम्ही नागपुरांत बसून लिहूं शकतों, कारण तेथील सरकार आपली नामुष्की दर महिन्याला स्वतः छापतें. वृद्धाचा खुबा मोडला तर छत्तीस तासांच्या आंत शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाला २०१० पासून तेथें अधिक मोबदला मिळूं लागला. हिंदुस्थानासह सतरा देशांत झालेल्या एका प्रयोगाचा निकाल २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील प्रश्न असा होता कीं मोडलेल्या खुब्यावर सहा तासांत शस्त्रक्रिया करणें चांगलें कीं चोवीस तासांत. मृत्यूंत फरक आढळला नाहीं, पण लवकर केलेल्यांत बुद्धिभ्रम कमी झाला आणि माणसें लवकर उभीं राहिलीं. तिकडचा वाद तासांचा आहे. आपल्याकडे तो दिवसांचा तरी व्हावा, इतकीच तूर्त अपेक्षा.

आतां थोडें आपल्याविषयीं. हें मासिक ज्या घरांत वाचलें जातें त्या घरांतील मनुष्य पाय मोडल्यावर मेडिकलला जात नाहीं. रामदासपेठ किंवा धंतोली येथें जातो, आणि त्याच दिवशीं टेबलावर घेतला जातो. त्यांत गैर कांहीं नाहीं. पण या सोयीची एक किंमत आहे, आणि ती आपण भरत नाहीं. तीस-चाळीस वर्षांपूर्वीं शिक्षक, कारकून, वकील हे सरकारी इस्पितळांच्या रांगेंत उभे असत, तेव्हां त्या रांगेविषयीं वर्तमानपत्रांत पत्रें येत, अधीक्षकांकडे शिष्टमंडळें जात. ते गेले आणि रांग मुकी झाली. धंतोलींतील इस्पितळांमुळें गल्ल्यांत गाड्या लावावयास जागा उरली नाहीं, तेव्हां तेथील नागरिक उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेले, आणि त्यांचें गाऱ्हाणें रास्त होतें. मेडिकल-मेयोच्या दुरवस्थेवरहि याच खंडपीठापुढें याचिका चालल्या आहेत. न्यायालयाला तेथें किती खाटा, किती पदें, किती यंत्रें हें विचारतां येतें. किती दिवस, हें विचारण्याजोगा कागद त्याच्यापुढेंहि कोणी ठेवीत नाहीं.

म्हणून मागणी एकाच वहीची आहे. विशेषज्ञानें ‘शस्त्रक्रिया हवी’ असें ज्या दिवशीं केसपेपरवर लिहिलें तो दिवस हा पहिला दिवस. टेबलावर घेतलें तो शेवटचा. मधले दिवस मोजावयाचे. रोगी तपासण्यांत अडकला, कागदांत अडकला कीं सांध्याच्या पुरवठ्यांत अडकला, तें त्याच्या नांवापुढें लिहावयाचें. जो आलाच नाहीं त्याचें नांव खोडण्यापूर्वीं त्याला दूरध्वनि करावयाचा, किंवा त्याच्या गांवच्या आशा सेविकेला विचारावयाचें. मेडिकल, मेयो आणि एम्स यांची यादी सामाईक असावी, म्हणजे एकीकडे टेबल मोकळें आणि दुसरीकडे दाराशीं गर्दी असा प्रकार होणार नाहीं. कॅनडांतील अल्बर्टा प्रांतानें खुबा व गुडघा यांच्या शस्त्रक्रियांसाठीं २००५ च्या सुमारास असा एकच दरवाजा उघडून पाहिला, आणि प्रतीक्षा कमी झाली. सिकलसेलच्या रोग्याच्या नांवापुढें वेगळी खूण असावी, आणि हाड ढांसळण्यापूर्वींच्या अवस्थेंतील खुबा आठवड्यांच्या नव्हे, दिवसांच्या हिशेबानें हलवावा. नांवें गाळून नुसते आंकडे दर महिन्याला इस्पितळाच्या दाराशीं फलकावर लावावे. लोकसेवा हक्काची अधिसूचना त्यानंतरची. मुदत किती असावी हें वहीच्या पहिल्या वर्षावरून ठरवितां येईल.

वाचकांपैकीं कोणालाहि हें काम आजपासून आरंभितां येईल. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा असतो. त्यांत एवढेंच विचारावें: अमुक तारखेला आपल्या अस्थिविभागांत शस्त्रक्रियेची वाट पाहणारे रोगी किती, आणि त्यांतील सर्वांत जुना किती दिवसांचा? उत्तराला कायद्यानें तीस दिवसांची मुदत आहे. ‘अशी माहिती संकलित केली जात नाहीं’ असें उत्तर आल्यास तो कागदहि जपून ठेवावा. विधिमंडळाचें हिवाळी अधिवेशन नागपुरांतच भरतें, आणि तो तेथें नेऊन दाखवावयास आपणांस मुंबईची गाडी धरावी लागत नाहीं.